फोर बाय फोरचा नाद लागलाय: आधी काय शिकावं, आधी काय घ्यावं?

नवाचालक

वापरलेली फोर बाय फोर घेतली आहे. लॅडर फ्रेम, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल, कॉइल स्प्रिंग, मॅन्युअल गिअर, पार्ट-टाइम ट्रान्सफर केस (२एच म्हणजे मागची दोनच चाकं, ४एच म्हणजे चारही, ४एल म्हणजे चारही पण कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरिंगवर). दोन्ही डिफ (डिफरेन्शियल, ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) ओपन, लॉकर (ती दोन चाकं एकत्र बांधणारं कुलूप) नाही. माणसं-सामान भरून वजन २,००० किलो. टायर कंपनीचेच, २१५/७५ आर १५.

हा नाद वर्षानुवर्षं करायचा आहे, त्यामुळे घाई नाही. पण जिथे वाचावं तिथे लिफ्ट किट (गाडी उंच करणारं), मोठे टायर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) आणि लॉकर यांच्या याद्याच दिसतात. कुठल्या क्रमाने जावं? आणि आहे तशा गाडीवर आधी काय शिकून घ्यावं?

लोरेंज

पहिलं वर्ष गाडीला काही लावू नका. हवेचा चांगला गेज, हवा सोडायचा टायर डिफ्लेटर, कॉम्प्रेसर आणि लांब दांड्याचं फावडं एवढंच घ्या. बाकी वेळ ट्रान्सफर केस आणि डिफ नेमकं काय करतात ते समजून घेण्यात घाला.

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर फिरतात, म्हणजे जास्त अंतर कापतात. २एचमध्ये याचा काही त्रास नाही. ४एच टाकलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधते, दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. खडी, चिखल, वाळू असेल तर एखादं चाक जरासं घसरून हा फरक फेडून टाकतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि गिअरच्या दातांत साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी आखडते आणि नंतर लिव्हर २एचला यायला तयार होत नाही. तेव्हा लिव्हरशी झटापट करू नका. सरळ रेषेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, क्लच दाबला की लिव्हर अलगद निघतो. चार टायरांपैकी दोन नवे आणि दोन झिजलेले असतील तर हाच पीळ सरळ रस्त्यावरही भरतो. म्हणून चारही टायर एका मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत.

दुसरं, ओपन डिफ. ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, हे नीट डोक्यात बसवा. एक चाक हवेत असेल तर ते फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढाच जमिनीवरच्या चाकाला मिळतो, म्हणजे जवळपास शून्य. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरकस दोन चाकं सुटली की फोर बाय फोर असूनही गाडी जागच्या जागी. त्यावर उपाय म्हणजे हलका ब्रेक. ४एल पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, उजव्या पायाने रेस धरून डाव्या पायाने हळूहळू ब्रेक दाबायचा. मोकळ्या चाकाला अडवणूक मिळाली की तेवढाच जोर टेकलेल्या चाकालाही पोचतो. डावा पाय क्लचच्या सवयीने धाडकन दाबला जातो, म्हणून आधी सपाट मोकळ्या जागेत सराव करा. गाडीत इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर हेच काम ते करतं, पण चाक फिरल्याचं कळल्यावर. चाक फिरताच घाबरून रेस सोडली तर ते कामाला लागायच्या आतच थांबतं. रेस स्थिर ठेवून दोन-तीन सेकंद धीर धरा.

आता हवा. तुमच्या वजनाच्या गाडीला सुरुवातीचे आकडे: डांबरावर दारावरच्या पट्टीवर लिहिलेलं प्रेशर, खडीच्या रस्त्यावर २२-२४ पीएसआय, दगडांत १६-१८, मऊ वाळूत १४-१५. बीडलॉक (टायर रिमला आवळून धरणारी कडी) नसेल तर १२ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटतो. हवा कमी केली की टायर रुंद कमी आणि लांब जास्त टेकतो, पकड त्या लांबीतून येते. २० च्या खाली असताना ताशी ३०-४० किलोमीटरच्या वर नको. टायरची भिंत दुमडून दुमडून आतून तापते आणि बाहेरून काही दिसत नाही. आकडा बरोबर आहे की नाही हे टायरच सांगतो. थंड असताना मोजा, अर्धा-पाऊण तास चालवून पुन्हा मोजा. ४ ते ६ पीएसआयपेक्षा जास्त वाढ दिसली तर त्या वेगाला आणि वजनाला सुरुवातीची हवा कमी होती.

कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका. तिथला फ्यूज साधारण १०-१५ अँपिअरचा असतो, बरा कॉम्प्रेसर २० च्या वर ओढतो. चिमटे थेट बॅटरीला, इंजिन चालू ठेवून.

ग्रीसगन

वरच्याशी सहमत, पण वापरलेली गाडी आहे म्हणून पहिला शनिवार गाडीखाली घालवा. जुन्या मालकाने कुठलं ऑइल कधी घातलं यावर विश्वास ठेवू नका. दोन्ही डिफ, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स, चारही ऑइल बदला.

एक नियम कधीही मोडू नका: आधी भरायचा प्लग सोडवा, मग काढायचा. खालचा प्लग उघडून सगळं ऑइल सांडल्यावर कळलं की वरचा गंजून बसलाय, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. भरताना गाडी सपाट उभी हवी, भरायच्या भोकातून ऑइल बाहेर येऊ लागलं की थांबायचं. वॉशर नवे.

डिफमध्ये बहुतेक ठिकाणी जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० लागतं. तिथले हायपॉइड गिअर एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना जास्त दाब सोसणारं ऑइल हवं. पण तेच ऑइल 'जास्त चांगलं' म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका. अनेक गिअरबॉक्सच्या सिंक्रोनायझर रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) पितळी असतात आणि जीएल-५ मधली काही द्रव्यं पितळ खातात. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच.

काढलेल्या प्लगवर चुंबक असेल तर त्यावरचं करडं लोणी बोटांत चोळून बघा. गुळगुळीत लागलं तर ती रोजची झीज. टोचलं, कणी किंवा चपटा तुकडा लागला, तर तो कुठल्यातरी दाताचा किंवा बेअरिंगचा आहे. त्या डिफवर पुढचा पैसा खर्च करण्याआधी ते उघडावं लागेल.

मग ब्रीदर. डिफच्या डोक्यावर एक छोटी टोपी असते, आतली हवा फुगली-आकसली तर तिथून ये-जा करते. तापलेलं ॲक्सल थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि टोपी बुजलेली असेल तर ऑइल सीलमधून पाणी ओढून घेते. टोपीच्या जागी नळीचा निपल लावून ६ किंवा ८ मिमीची नळी इंजिनच्या खोलीत उंचावर न्या, टोकाला एक छोटा फिल्टर. खर्च नगण्य. लोक चुकतात ते नळीच्या लांबीत. चाकं पूर्ण खाली लोंबकळली की ॲक्सल चांगलं वीतभर खाली जातं, तेव्हा आखूड नळी निपलवरून निघते आणि मग ती नसल्यासारखीच. नळीत ढिलं वेटोळं ठेवा. गाडी जॅकवर घेऊन चाकं लोंबू द्या, नळी ताणत नाही हे बघा.

पुढच्या अखंड ॲक्सलच्या टोकाला बंद गोळ्याचा नकल (चाक जिथे वळतं तो सांधा) असेल तर तिकडेही लक्ष. गोळ्यावर ग्रीसचा पातळ थर हवाच. पण काळं, पातळ, वाहणारं काही दिसत असेल तर आतलं सील गेलंय, डिफचं ऑइल नकलमध्ये शिरून ग्रीस पातळ करतंय. ते पुढे ब्रेकच्या डिस्कवर येतं. वरून पुसून काही होत नाही. नकल उघडून सील, बेअरिंग तपासून मोलिब्डेनमचं ग्रीस नव्याने भरावं लागतं.

नवाचालक

दोघांनाही धन्यवाद. दोन प्रश्न. ताशी ७० च्या आसपास खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थरथरतं आणि वेग कमी केल्यावरच थांबतं. नवा स्टिअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा शॉक) टाकू का? आणि पुढेमागे ५० मिमी लिफ्ट आणि २३५/७५ आर १५ टायर घ्यायचा विचार केला तर काय काय लागेल?

पॅनहार्ड

डॅम्पर शेवटी. तो दुखणं झाकतो, बरं करत नाही. अखंड ॲक्सलच्या गाडीत ही शिमी (स्टिअरिंगची थरथर) कुठल्यातरी ढिल्या सांध्यातून येते. तपासायचा क्रम असा:

चाकांचं बॅलन्सिंग आणि हवा. मग चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा, ढिलाई लागली तर चाकाचं बेअरिंग किंवा किंगपिनचं (ज्या पिनवर चाक वळतं तिचं). मदतनिसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगून पुन्हा हलवा. ढिलाई गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर किंगपिन. नंतर चाकं जमिनीवर ठेवून मदतनिसाला स्टिअरिंग थोडं डावं-उजवं भराभर हलवू द्या आणि तुम्ही पॅनहार्ड रॉडच्या (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) दोन्ही टोकांवर बोट ठेवा. बुश आणि बोल्ट यांच्यात हालचाल बोटाला कळते, डोळ्याला कळेलच असं नाही. बोल्टचं भोक अंडाकृती झालेलं असेल तर नवा बुशही टिकत नाही. नंतर टाय रॉडची (दोन चाकं जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) टोकं. या सगळ्यात काही सापडलं नाही, तरच डॅम्पर.

आता लिफ्टचा हिशोब.

२१५/७५ आर १५ चा व्यास ७०३.५ मिमी, २३५/७५ आर १५ चा ७३३.५ मिमी. फरक ३० मिमी. डिफच्या पोटाखालची उंची मात्र त्याच्या निम्मी, म्हणजे १५ मिमीच वाढते. ५० मिमीच्या स्प्रिंगने ती एक मिमीसुद्धा वाढत नाही, कारण ॲक्सल टायरवर उभं आहे, स्प्रिंगवर नाही. लिफ्टने चेसिस आणि बंपर वर जातात. पुढे-मागे टेकणारी आणि मधे पोट टेकणारी गाडी असेल तर लिफ्टचा उपयोग आहे. डिफ दगडावर आपटतंय अशी तक्रार असेल तर लिफ्टने काही होत नाही, चाक कुठल्या दगडावर चढवायचं हे शिकल्याने होतं.

लिफ्टसोबत येणारी कामं: पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो, स्टिअरिंग सरळ यायला आळस करतं आणि शिमीला आणखी आमंत्रण मिळतं. त्यासाठी कॅस्टर दुरुस्त करणारे बुश. पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल एका बाजूला सरकतं, म्हणून लांबी बदलता येणारा रॉड. ब्रेकच्या रबरी नळ्या आणि एबीएसच्या वायरी पूर्ण लोंबलेल्या स्थितीत पुरतात का ते बघायचं. शाफ्टचा कोन वाढून ठरावीक वेगाला गुंगुं आवाज आणि थरथर येऊ शकते. हेडलाइट नव्याने खाली करायचे. मोठ्या टायरला लांब बंप स्टॉप (ॲक्सलला वर येताना अडवणारे रबरी ठोकळे) हवेत, नाहीतर स्प्रिंग पूर्ण दबल्यावर टायर चाकाच्या कमानीला फाडतो. एक चाक उंच रॅम्पवर, स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, अशा स्थितीत चारही कोपरे तपासा.

गिअरिंगही ४.३ टक्क्यांनी उंच होतं. स्पीडोमीटर आधी अचूक होता असं धरलं तर तो १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ ने धावत असेल. रांगण्याच्या वेगावर काय परिणाम होतो तोही काढून बघा. समजा पहिला गिअर ४.०, लो रेंज (४एल) २.५, डिफ ४.१. गुणाकार ४१. इंजिन ८०० आरपीएमवर असताना चाक मिनिटाला साडेएकोणीस फेरे घेतं, कंपनीच्या टायरवर हे ताशी २.६ किलोमीटर. त्याच आरपीएमला हाय रेंजमध्ये ६.५. आडव्या दगडावरून गाडी हळू उतरवताना हा फरक लगेच कळतो. नव्या टायरने २.६ चे २.७ होतात, त्यात फारसं बिघडत नाही. पण चढावर इंजिनाला ओढायला थोडं जड जातं.

माझं मत: आधी बुश, मग टायर, लिफ्ट दोन वर्षांनी. बऱ्याच जणांना नंतर ती लागतच नाही.

दोरखंड

टायरच्या बरोबरीने रेस्क्यूचं सामान हवं. पुढे-मागे चेसिसला बोल्टने बसवलेले रिकव्हरी पॉइंट नसतील तर पहिला खर्च तोच. बंपरखालची नाजूक कडी ही गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी असते. आणि ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा कधीही अडकवायचा नाही, कधीही. तो ओढीत तुटतो आणि दोराच्या टोकाला बांधलेल्या तोफगोळ्यासारखा येतो. यात माणसं मेली आहेत.

कायनेटिक दोर निवडताना लोक 'जितका जाड तितका सुरक्षित' असं धरतात. चुकीचं आहे. दोर ताणला गेला पाहिजे, ताण साठवून तो हळूहळू सोडतो, त्यातच त्याची मजा. तुटण्याची क्षमता दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या वजनाच्या दोन-तीन पट, म्हणजे तुम्हाला ४ ते ६ टनांचा. १२ टनांचा घेतलात तर २ टनांची गाडी त्याला ताणूच शकत नाही आणि झटका थेट चेसिसला बसतो. लांबी ९ मीटर.

पण दोर काढायच्या आधी फावडं. पोट टेकलंय का ते वाकून बघा. टेकलं असेल तर चाकं कितीही फिरवली तरी ती आणखी खोल जातात. पोटाखालची माती काढा, चारही चाकांपुढे उताराची पन्हळ करा, हवा कमी करा, हवं तर चाकांखाली बोर्ड सरकवा. निम्म्या वेळा गाडी इथेच निघते.

तरीही ओढायचीच असेल तर: दोर जमिनीवर एसच्या आकारात दीड-दोन मीटर ढिला, मधोमध ओलं पोतं किंवा डॅम्पर ब्लँकेट. बघे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, रेषेत कोणीही नाही. ओढणारी गाडी लो रेंज दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश सुटते, अडकलेली गाडी दोर ताणायला लागताच पहिल्या किंवा दुसऱ्यात साथ देते. तीन प्रयत्नांत नाही निघाली तर जोर वाढवू नका, पुन्हा खणा. दोन पट्टे जोडायचे झाले तर मधे शॅकल (पिन लावायची लोखंडी कडी) नको, कान एकमेकांत ओवा आणि गाठ घट्ट बसू नये म्हणून त्यात एक काठी किंवा गुंडाळलेलं मासिक घाला. शॅकलची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यायची, नाहीतर ओढीनंतर सुटत नाही.

घरी आल्यावर दोर साध्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा. आतला रेतीचा कण प्रत्येक ओढीला धागे कापतो. नायलॉन ओला असताना साधारण दहा-पंधरा टक्के कमजोर असतो, हेही लक्षात असू द्या.

विंच हवी असेल तर भरलेल्या वजनाच्या दीडपट: ३,००० किलो, म्हणजे ६,६०० पाउंड, त्याच्या वरचं मिळणारं माप. पण तो आकडा ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थरासाठी असतो. दोर जितका गुंडाळलेला तितकी ओढ कमी. म्हणून शक्य तितका दोर बाहेर काढा किंवा स्नॅच ब्लॉक (कप्पी) लावा, ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग निम्मा.

लोरेंज

पाव फेऱ्याबद्दल असहमत. थरथरीत ढिली पिन आणखी फिरू शकते. हाताने पूर्ण आवळायची, पाना मात्र लावायचा नाही. दोरीचं सॉफ्ट शॅकल वापरलं तर हा वादच नाही, फक्त धारदार कडेवर टाकू नका.

मॅन्युअल गाडीला एक गोष्ट शिकणं विंचपेक्षा महत्त्वाचं: चढावर बंद पडल्यावर खाली येणं. क्लच दाबून न्यूट्रलमध्ये मागे घरंगळू देणं आणि वर आडवं वळवायला जाणं, याच दोन गोष्टींनी गाड्या उलटतात. बंद पडताच पायाचा ब्रेक, मग हँडब्रेक. स्टिअरिंग सरळ आहे ना बघा, अंगठे रिमच्या बाहेर. क्लच दाबून ४एल रिव्हर्स टाका, क्लच पूर्ण सोडा. आता हँडब्रेक सोडा, पायाचा ब्रेक हळूहळू सोडा. गाडी इंजिनावर टेकते. मग क्लचला हात न लावता सेल्फ मारा, गाडी गिअरमध्येच सुरू होऊन आपल्या आपण सावकाश मागे उतरते. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न लागणाऱ्या गाडीत हे जमत नाही. तिथे ब्रेक घट्ट धरून क्लच दाबून इंजिन सुरू करायचं, आणि क्लच सुटून गाडी इंजिनावर आली की मगच ब्रेक सोडायचा. आधी छोट्या, रुंद, कोरड्या उतारावर दहादा करा.

जुनेगिअर

नाद वर्षानुवर्षं टिकवायचा असेल तर दुसऱ्यांच्या गाड्यांखालीही वाका. १९४१ ची विलीज जीप आणि १९४८ ची लँड रोव्हर बघितली की मूळ कल्पना कळते. १९७० च्या रेंज रोव्हरने आणि १९७७ च्या लाडा निवाने पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मधे कुलूप लागणारं सेंटर डिफ देऊन वरचा पिळाचा प्रश्न सोडवला, म्हणून त्या डांबरावरही कायम चारही चाकांवर चालतात. १९९१ च्या पजेरोने एकाच लिव्हरवर दोन्ही पद्धती (पार्ट-टाइम आणि कायम चारही चाकं) दिल्या. तुमच्या गाडीत सेंटर डिफ नाही, हे उणं नाही. ट्रान्सफर केसमध्ये बिघडायला तेवढ्या गोष्टी कमी.

लॉकरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून: घ्यायचाच तर आधी मागे. चढावर वजन मागे जातं, पकड तिथेच असते. पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग वळत नाही आणि सगळा ताण वळलेल्या जॉइंटवर येतो. क्लचवाला एलएसडी (घसरणाऱ्या चाकाला काही प्रमाणात रोखणारं डिफ) बसवलात तर त्याच्या ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, नाहीतर वळणावर कुरकुरतो.

नवाचालक

पॅनहार्डचा खालचा बुश ढिला निघाला, शिमी बहुतेक तीच. मागच्या डिफचा खालचा प्लग रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी जरा सैल केला तर आधी चमचाभर पाणी आणि मग दुधी ऑइल आलं. नुसतं ऑइल बदलून चालेल?

ग्रीसगन

नाही. सगळं काढा, त्याच दर्जाचं स्वस्तातलं ऑइल भरा, दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम असतानाच पुन्हा काढा. तेही दुधी आलं तर आणखी एकदा. मग चांगलं भरा. पाणी किती दिवस आत होतं माहीत नाही, त्यामुळे पुढचे काही दिवस डिफच्या आवाजाकडे कान ठेवा. रेस धरल्यावर घूं आणि सोडल्यावर गप्प, किंवा उलट, असं झालं तर पिनियनचं (शाफ्टकडून डिफ फिरवणाऱ्या गिअरचं) बेअरिंग गंजलेलं असू शकतं.

पण नवं ऑइल भरायच्या आधी पाणी कुठून आलं ते शोधा. ब्रीदरची टोपी बोटाने फिरवा आणि वर-खाली हलवा. हलत नसेल तर तीच चोर. काढा, डिझेलमध्ये बुडवा, नळी लावून फुंका. तोंडाने सहज फुंकलं गेलं पाहिजे. टोपी मोकळी असेल तर पिनियनच्या सीलभोवती आणि ब्रेक ड्रमच्या आत ऑइलचा ओघळ बघा. जिथून ऑइल बाहेर येतं तिथूनच पाणी आत जातं. सील बदलताना शाफ्टवर सील बसतं त्या जागी नखाने आडवं घासा, खाच लागली तर नवं सील एक-दोन मिमी आत किंवा बाहेर बसवा म्हणजे ते ताज्या जागेवर टेकेल.